पाणी किती खोल? पक्ष्यांना विचारा

हिवाळ्यात विद्यार्थ्यांना पाणथळीवर पक्षिनिरीक्षणाला नेले, की परतताना प्रत्येकाच्या वहीत एक यादी असते. इतके बगळे, तितके शेकाटे, चार शराटी. यादी हवीच. पण तिच्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एकाच काठावर दहा-बारा जातींचे पक्षी एकाच वेळी पोट भरत असतात. ते एकमेकांच्या ताटातले ओढून कसे घेत नाहीत?

उत्तर शोधायला नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात जाऊ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूरमध्यमेश्वर येथे बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, चिखल, गवत व बेटे यांचा एक विस्तीर्ण पट्टा तयार झाला. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या म्हणजे रामसर यादीत जाणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. २०२० च्या जानेवारीत ही घोषणा झाली. म्हणजे माणसाने शेतीसाठी पाणी अडवले आणि त्यातून पक्ष्यांचे घर उभे राहिले.

आधी पाय पाहा

या काठावर छोटा टिलवा दिसतो. चिमणीएवढा पक्षी, वजन २० ते ३० ग्रॅम. त्याच्या पायाचा घोट्याखालचा भाग जेमतेम २ सें.मी. असतो. साहजिकच तो ओल्या चिखलात आणि पाण्याच्या अगदी कडेला धावपळ करतो. त्याच्या पलीकडे मालगुजा, त्याहून खोल पाण्यात गुलाबी पायांचा शेकाट्या आणि आणखी आत रोहित. पाण्याची खोली वाढत जाते तसे पक्षी बदलत जातात.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, "लांब पायांच्या पक्ष्याला काठावर यायला कोणी अडवले आहे?" प्रश्न अगदी योग्य आहे. कोणी अडवलेले नाही आणि तो कधीकधी येतोही. पण कोरड्या चिखलावरचा दाणाएवढा किडा टिपताना शेकाट्याला पाय वाकवून पुढे झुकावे लागते. तेच काम टिलवा झटपट करतो. लांब पायांचा फायदा खोल पाण्यात मिळतो, काठावर त्यांची अडचण होते.

मग चोच

पण चिखल्या आणि टिलवा दोघेही काठावरच असतात. त्यांचे काय? थोडा वेळ लक्ष देऊन पाहा. चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड. तो डोळ्यांनी शिकार शोधतो. टिलवा मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखा भराभर टोचत जातो.

मालगुजाची चोच ८ ते १२ सें.मी. लांब असते. ती चिखलात खोल रुतवल्यावर त्याला काहीच दिसत नाही. पण चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात आणि चोच चिखलातच असताना तिचे फक्त टोक उघडता येते. चिमट्याने पकडावा तसा तो किडा पकडतो. चमचा हा पक्षी अर्धवट उघडी, चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. काही लागले की चोच मिटते. रोहित डोके उलटे करून जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीतील कंगव्यासारख्या पडद्यांतून गाळून बाहेर टाकतो. तेव्हा एकाच चिखलात वरचा थर एकाचा, खालचा दुसऱ्याचा आणि वरचे पाणी तिसऱ्याचे, अशी वाटणी झालेली असते.

वीतभर पाण्याने काय होते?

आता खरा मुद्दा. नांदूरमध्यमेश्वरहून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघतात. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की येथील पातळी बदलते. आपल्याला वीतभर पाणी म्हणजे काहीच वाटत नाही. मालगुजा आणि शेकाटे थोडे सरकून उभे राहतात. टिलव्याचा मात्र चिखलाचा सगळा पट्टाच पाण्याखाली जातो. हा पक्षी उन्हाळ्यात आर्क्टिक प्रदेशात वीण करतो. परतीच्या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत इथल्यासारख्या चिखलातून मिळवायची असते. शेताला पाणी हवे यात वाद नाही. पण काठाचा चिखल कोणत्या आठवड्यांत उघडा असणे महत्त्वाचे आहे, हे सांगायला नोंदी लागतात. "पक्षी कमी झाले" एवढे म्हणून भागत नाही. त्या दिवशी पाणी जास्त होते, की पक्षी आलेच नव्हते?

नोंद कशी करावी?

मोजपट्टी पक्ष्यानेच आणलेली आहे. शेकाट्याच्या पायाचा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो खरे तर घोटा असतो. तो तळपायापासून साधारण १२ सें.मी. उंच असतो. पाणी घोट्याच्या खाली, घोट्याशी की पोटाशी, एवढे दुर्बिणीतून पाहून लिहावे. पाय गाळात रुततो, म्हणून हे माप ढोबळच समजावे.

प्रत्येक जातीपुढे चार रकाने आखावेत : संख्या, पाण्याची खोली, काय करत होता, तारीख व वेळ. जागा आणि निरीक्षणाचा कालावधी दर वेळी तोच ठेवावा. एखादी जात दिसली नाही तर शून्य लिहावे. मोकळा रकाना म्हणजे "पाहिले नाही", शून्य म्हणजे "पाहिले, पण नव्हता". स्थानिक नावे तालुक्यागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नावही जोडावे.

यासाठी नांदूरमध्यमेश्वरलाच जायला हवे असे नाही. गावचा पाझर तलाव किंवा उजनीच्या काठची गाळपेर जमीनही चालेल. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि ती हौशी निरीक्षकांच्याच बळावर उभी आहे. पण जानेवारीतील एक दिवस वर्षाची कथा सांगू शकत नाही. पंधरवड्यातून एकदा त्याच काठावर जाणारी शाळा ती सांगू शकते. दरवर्षी नवा वर्ग येईल, वही मात्र तीच पुढे चालू राहावी.