आधी सुरक्षितता, मग परतावा
ऑरेंज काउंटीच्या दिवाळखोरीची आणि सावरण्याची कथा

आमच्या शाखेत ग्रामपंचायतींची, शाळांची व पाणीपुरवठा समित्यांची खाती आहेत. त्यांचे पदाधिकारी ठेव ठेवण्यास येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "साहेब, जास्तीत जास्त व्याज कशावर मिळेल?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी हा पैसा पूर्णपणे हाती येईल काय? अमेरिकेतील एका संपन्न काउंटीने हा प्रश्न वेळेवर विचारला नाही आणि त्याची किंमत तिने दोन दशकांहून अधिक काळ मोजली.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्निया राज्यातील ऑरेंज काउंटी लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस असून सुप्रसिद्ध डिस्नेलँड येथेच आहे. तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, समाजकल्याण, ग्रंथालये, उद्याने अशा सेवा काउंटी प्रशासन चालविते.

उत्पन्नाची कोंडी

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता करावर कायमची मर्यादा घातली. कराचा दर मूल्यांकनाच्या १ टक्क्यापुरता सीमित झाला आणि मालकी बदलेपर्यंत मूल्यांकनात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करता येईना. सेवांची मागणी वाढत होती, कर वाढविता येत नव्हता. अशा वेळी काउंटीचे कोषाधिकारी रॉबर्ट सिट्रन यांनी गुंतवणुकीवरील व्याजातून मोठे उत्पन्न मिळवून दाखविले. काउंटीबरोबरच शहरे, शालेय मंडळे व पाणी संस्था अशा सुमारे दोनशे संस्थांचा पैसा त्यांच्या सामाईक निधीत होता. परतावा इतरांपेक्षा सरस असल्याने काही शालेय मंडळांनी तर कर्ज काढून या निधीत पैसा गुंतविला!

हा परतावा येत होता कोठून? निधीत मूळ रक्कम सुमारे ७.५ अब्ज डॉलर होती. हातातील रोखे तारण ठेवून अल्प मुदतीचे कर्ज घ्यावयाचे आणि त्यातून दीर्घ मुदतीचे रोखे घ्यावयाचे, अशी साखळी करून गुंतवणूक २० अब्ज डॉलरवर नेण्यात आली. व्याजदर उतरत होते तोवर हे गणित जमले.

१९९४ साली मात्र अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने अल्पकालीन व्याजदर ३ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांपर्यंत नेले. बाजारातील व्याज चढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत उतरते, हे बँकेत काम करणारा प्रत्येक जण जाणतो. स्वतःच्या पैशाने घेतलेला रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवता येतो. उसन्या पैशाने घेतलेल्या रोख्याला ती सवड नसते. कर्ज देणाऱ्यांनी वाढीव तारण मागितले. ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. रोखे विकून टाकल्यावर तोटा निघाला सुमारे १.६ अब्ज डॉलरचा. पुढे १९९५ मध्ये व्याजदर पुन्हा उतरू लागले. पण थांबण्याची ताकद तोवर संपली होती.

झळ कोणाला?

सिट्रन यांनी स्वतःच्या खिशात पैसा घातला नव्हता. १९९५ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले. परंतु झळ नागरिकांना बसली. शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, समाजकल्याणाच्या सेवांना कात्री लागली. जून १९९५ मध्ये विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ सुचविण्यात आली, ती मतदारांनी स्पष्टपणे फेटाळली. चूक प्रशासनाची, मग भुर्दंड आम्हाला का, हा त्यांचा सवाल होता. अखेर बसवाहतूक, पूरनियंत्रण आणि उद्याने यांच्या वाट्याचा काही पैसा कर्जफेडीकडे वळविण्यात आला. कर वाचला खरा, पण ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते, त्यांनी ती किंमत बसथांब्यावर उभे राहून मोजली.

सावरण्याची वाट

जून १९९६ मध्ये ८८ कोटी डॉलरचे रोखे विकून काउंटी दिवाळखोरीतून बाहेर पडली. गुंतवणुकीत सहभागी असलेल्या मेरिल लिंच या कंपनीने १९९८ मध्ये ४० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. १९९४ च्या निवडणुकीत सिट्रन यांच्याविरुद्ध उभे राहून धोक्याचा इशारा देणारे आणि त्या वेळी पराभूत झालेले लेखापाल जॉन मूरलाक १९९५ मध्ये स्वतःच कोषाधिकारी झाले. राज्याने कायदा कडक केला. गुंतवणुकीचे धोरण लेखी हवे, नियमित अहवाल हवेत, कर्ज काढून गुंतवणूक करण्यावर मर्यादा हवी, आणि क्रम निश्चित हवा : प्रथम मुद्दलाची सुरक्षितता, नंतर तरलता, सर्वांत शेवटी परतावा. दिवाळखोरीपायी घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तो २०१७ मध्ये. दरवर्षी हप्त्यात जाणारा पैसा तेव्हा कुठे सेवांसाठी मोकळा झाला.

वाचकहो, अंदाजपत्रक सुधारले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे एखादी चतुर युक्ती क्वचितच असते. असते ती वर्षानुवर्षांची शिस्त. संस्थेचा पैसा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने इतरांपेक्षा अधिक परतावा पाहून खूश होण्याआधी तो कोणत्या जोखमीतून आला, हे विचारावे. ती विचारणा म्हणजे अविश्वास नव्हे. शाळेच्या खडूपासून दवाखान्यातील औषधापर्यंत ज्यांचे त्या पैशावर अवलंबून आहे, त्यांच्याप्रति ते आपले कर्तव्य आहे.