शेक्सपिअर फोनवर, तोही मोफत! इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी कामाच्या वेबसाइट्स



बी.ए. किंवा एम.ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलं असेल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. सिलॅबसमध्ये 'मॅकबेथ' आहे. लायब्ररीतल्या दोन-तीन प्रती आधीच कुणीतरी नेल्यात. मग बाजारातून गाइड आणायचं, यूट्यूबवर दहा मिनिटांत अख्खं नाटक सांगणारा व्हिडिओ बघायचा आणि पेपर लिहून यायचं. पास होतो आपण. पण पुढे सेट-नेटमध्ये किंवा मुलाखतीत कुणी एखादा संवाद वाचून विचारलं की 'हे कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं?', तर तिथे गाडी अडते. कारण मूळ नाटक आपण कधी उघडलेलंच नसतं.

यात पैशांची अडचण आता फारशी राहिलेली नाही. 'मॅकबेथ'चा संपूर्ण मजकूर साधारण १७ हजार शब्दांचा आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तो जेमतेम १०० केबी होतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या बऱ्याच फोटोंपेक्षाही लहान! शेवगाव, पाथर्डी किंवा जामखेडहून रोज एसटीने कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या फोनमध्येही तो आरामात बसतो, आणि एकदा डाऊनलोड केला की रेंज नसली तरी वाचता येतो. चला तर मग, कोणती वेबसाइट कशासाठी वापरायची ते पाहूया.

आधी थोडं आपल्या नगरविषयी

इंग्रजी साहित्य म्हणजे लंडनच्या लोकांचं काम, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर दोन नावं लक्षात ठेवा.

पहिलं नाव मधुकर तोरडमल. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' हे गाजलेलं नाटक लिहिणारे आणि त्यात प्रोफेसर बारटक्के रंगवणारे तोरडमल रंगभूमीवर पूर्णवेळ येण्याआधी नगरमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक होते. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथाही त्यांनी मराठीत आणल्या.

दुसरं नाव स्पाइक मिलिगन. ब्रिटिश विनोदाचा चेहरामोहरा बदलणाऱ्या या कलाकाराचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला झाला. त्याचे वडील ब्रिटिश सैन्यात होते. पुढे पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब यांच्यासोबत त्याने बीबीसी रेडिओवर 'द गून शो' केला. हा कार्यक्रम १९५१ ते १९६० या काळात चालला आणि नंतरच्या 'मॉन्टी पायथन'वाल्यांवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

इथेच सर्चची पहिली टीप घ्या. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पण जुनी पुस्तकं, सैन्याच्या नोंदी आणि ब्रिटिश चरित्रं यांत 'अहमदनगर' हेच नाव सापडेल. त्यामुळे जुनं काही शोधताना इंग्रजीत जुन्या नावाने, आणि नवीन बातम्यांसाठी नव्या नावाने सर्च करा.

१. मूळ मजकूर कुठे मिळेल?

- प्रोजेक्ट गुटेनबर्ग : मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. आज इथे ७० हजारांहून जास्त पुस्तकं मोफत आहेत. अकाउंट नको, लॉगिन नको. डिकन्स, जेन ऑस्टिन, ब्राँटे भगिनी, हार्डी सगळे आहेत. ईपब फाइल डाऊनलोड करा आणि गूगल प्ले बुक्स किंवा रीडएरा अ‍ॅपमध्ये उघडा. अक्षरं मोठी करता येतात, आवडलेल्या ओळीवर खूण करता येते.
- फोल्जर शेक्सपिअर लायब्ररी : अमेरिकेतल्या वॉशिंग्टनची ही लायब्ररी शेक्सपिअरची सगळी नाटकं मोफत देते. प्रत्येक ओळीला नंबर असतो आणि प्रवेशांचा थोडक्यात सारांशही असतो. शेक्सपिअर वाचायचा असेल तर गुटेनबर्गपेक्षा ही जागा चांगली, कारण गुटेनबर्गवरच्या प्रती बऱ्याचदा जुन्या आवृत्त्यांवरून घेतलेल्या असतात आणि त्यात टिपा क्वचितच असतात.
- इंटरनेट अर्काइव्ह : छापील पुस्तकांची स्कॅन केलेली पानं इथे मिळतात. जुनी समीक्षा, जुने शब्दकोश यांसाठी उत्तम. फाइल मोठी असू शकते, त्यामुळे वायफायवर डाऊनलोड करा.

२. वाचायला कंटाळा येतो? मग ऐका

२००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रीवॉक्सवर जगभरातले स्वयंसेवक कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. काही नाटकं तर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी पात्रं घेऊन वाचली आहेत. ६४ केबीपीएसची फाइल घेतली तर एका तासाला साधारण ३० एमबी लागतात. एसटीत इअरफोन लावा आणि फोल्जरचा मजकूर समोर ठेवून ऐका. उच्चार सुधारतात आणि जुनी इंग्रजी हळूहळू कानाला सवयीची होते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हा प्रयोग नक्की करून बघा. मात्र वाचणारे सगळेच ब्रिटिश नसतात आणि दर्जाही कमी-जास्त असतो, एवढं लक्षात ठेवा.

कवितेसाठी पोएट्री अर्काइव्ह बघा. इथे कवींच्या स्वतःच्या आवाजातल्या कविता आहेत. टेनिसनचं १८९० मध्ये मेणाच्या सिलिंडरवर झालेलं रेकॉर्डिंगसुद्धा ऐकता येतं. खरखर खूप आहे, पण व्हिक्टोरियन काळातला कवी स्वतः बोलतोय हे ऐकणं भारीच!

विषयाची पार्श्वभूमी हवी असेल तर बीबीसी रेडिओ ४ चा 'इन अवर टाइम' हा पॉडकास्ट घ्या. १९९८ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात विद्यापीठांतले तज्ज्ञ एकाच विषयावर पाऊण तासाच्या आसपास चर्चा करतात.

३. नाटक बघायचं कुठे?

नाटक लिहिलं जातं ते रंगमंचासाठी. लंडनमधलं मूळ ग्लोब थिएटर १५९९ मध्ये उभं राहिलं आणि १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेच्या ठिणगीने जळालं. आजचं पुन्हा बांधलेलं ग्लोब १९९७ मध्ये सुरू झालं. शेक्सपिअर्स ग्लोब, नॅशनल थिएटर आणि रॉयल शेक्सपिअर कंपनी या तिघांचे यूट्यूब चॅनल आहेत. तालमी, वेशभूषा, नट भूमिका कशी समजून घेतात यावरचे छोटे व्हिडिओ तिथे मोफत आहेत. संपूर्ण प्रयोग मात्र बहुतेक वेळा पैसे भरूनच बघावे लागतात. व्हिडिओला डेटा भरपूर जातो, म्हणून क्वालिटी ४८०पी वर ठेवा.

आणि आपल्या भाषेतलं विसरू नका. वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिलं, तर 'नटसम्राट'मागे 'किंग लिअर'ची प्रेरणा आहे. त्याही आधी आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं आणि देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' लिहिलं. मूळ नाटकातला एक प्रवेश आणि मराठीतला तोच प्रवेश शेजारी ठेवून वाचा. काय बदललं आणि का बदललं, हे स्वतः शोधलंत तर प्रोजेक्टसाठी विषयही मिळेल.

४. त्या काळातलं लंडन कसं होतं?

'ऑलिव्हर ट्विस्ट'मधली खिसेकापू पोरं डिकन्सच्या डोक्यातूनच आली का? ओल्ड बेली ऑनलाइन उघडा. लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांच्या नोंदी इथे सर्च करता येतात. रुमाल चोरला म्हणून कोर्टात उभी केलेली मुलं तिथे खरोखर भेटतात. गाइडमधली 'व्हिक्टोरियन काळातली गरिबी' ही ओळ मग नुसती पाठ करायची ओळ राहत नाही.

५. भारतातल्या सरकारी सोयी

- ई-पीजी पाठशाला : एम.ए.च्या पातळीचे विषयवार धडे, मोफत.
- स्वयम् : ऑनलाइन कोर्स मोफत शिकता येतो. प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते.
- शोधगंगा : भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध. संदर्भ शोधायला वापरा, कॉपी-पेस्ट करायला नको.
- एन-लिस्ट : तुमचं कॉलेज सदस्य असेल तर ई-पुस्तकं आणि जर्नल्स घरबसल्या वाचता येतात. युजर आयडी कॉलेजमार्फत मिळतो. बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं. उद्याच लायब्ररीत जाऊन विचारा!

६. सगळंच मोफत का नाही?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं कॉपीराइट असतो आणि ही मोजणी पुढच्या जानेवारीपासून सुरू होते. जॉर्ज ऑर्वेल १९५० मध्ये गेला, म्हणून २०११ पासून त्याची पुस्तकं भारतात मुक्त आहेत. हॅरोल्ड पिंटर २००८ मध्ये गेला, त्यामुळे त्याची नाटकं २०६८ संपेपर्यंत मुक्त होणार नाहीत. ती टेलिग्रामवर पीडीएफमध्ये फिरत असली तरी ती चोरीची प्रत असते. शिवाय त्यात पानं गायब असतात आणि कधी कधी फाइलसोबत व्हायरसही येतो. अशा पुस्तकांसाठी लायब्ररी किंवा सेकंडहँड प्रतच बरी.

देशागणिक नियम वेगळे असतात. अगाथा ख्रिस्तीच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या अमेरिकेत मुक्त आहेत, म्हणून गुटेनबर्गवर दिसतात. पण ती १९७६ मध्ये गेली, म्हणजे भारतात तिचा कॉपीराइट २०३६ संपेपर्यंत आहे.

७. एआयचं उत्तर तपासायचं कसं?

चॅटबॉटला विचारलं तर तो उत्तर झकास देतो, पण कधी कधी लेखकाने न लिहिलेलं वाक्यही त्याच्या नावावर खपवतो. शेक्सपिअरच्या बाबतीत तपासणी सोपी आहे. ओपन सोर्स शेक्सपिअर या साइटवर त्या वाक्यातले दोन-तीन ठळक शब्द टाका. सापडलं तर कोणत्या अंकात, कोणत्या प्रवेशात आहे तेही कळेल. इतर लेखकांसाठी गुटेनबर्गवर पुस्तक उघडा आणि ब्राउझरच्या 'फाइंड इन पेज'ने शोधा. नाही सापडलं, तर पेपरात लिहू नका.

सराव म्हणून शेरलॉक होम्सचं 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' शोधून बघा. कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा चाळल्या तरी हे वाक्य या रूपात कुठेच मिळणार नाही. म्हणजे चूक फक्त एआयच करतो असं नाही, माणसंही वर्षानुवर्षं करतात.

आठवडाभराचा प्लॅन

- पहिला दिवस : फोल्जरवरून 'मॅकबेथ' डाऊनलोड करा.
- दुसरा ते सहावा दिवस : रोज एक अंक. आधी वाचा, मग लिब्रीवॉक्सवर तोच अंक ऐका. न कळलेल्या ओळींचे नंबर वहीत लिहा.
- सातवा दिवस : आता गाइड उघडा. त्यात काय सुटलंय आणि तुम्हाला काय वेगळं वाटलं, ते लिहून काढा.

शेवटची टीप : हवी ती फाइल लगेच सेव्ह करून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होऊ शकतं, तर आपण एकाच लिंकवर का विसंबून राहायचं?

गाइड वाईट नसतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी वाचून काढलेलं असतं. एकदा मूळ पुस्तक स्वतः वाचलं, की मुलाखतीत समोरचा कोणताही प्रश्न विचारो, उत्तर तुमचं स्वतःचं असेल. सुरुवात आजच करा, १०० केबीच तर लागणार आहेत!