मिसळण्याची किंमत

जेवणं आटोपल्यावर ओट्यापाशी नीट पाहिलं तर एक गंमत लक्षात येते. घरात कचरा नावाची वस्तूच नसते. हातात केळ्याची साल येते, मग दुधाची रिकामी पिशवी, मग औषधाची बाटली. हातात असते तेव्हा प्रत्येक वस्तू एकटी असते. डब्यात पडून दुसरीला चिकटली की मग तिचा कचरा होतो. म्हणजे कचऱ्याचं वर्गीकरण आपल्याला करायचंच नसतं. ते झालेलंच असतं. आपण फक्त ते मोडतो.

मोडायला एक क्षण पुरतो. पूर्ववत करायला मात्र यंत्रं, पाणी, वीज आणि माणसं लागतात. कोरड्या वर्तमानपत्राला रद्दीवाला तागडीत घालून रोख पैसे देतो. त्याच वर्तमानपत्रावर वाटीभर आमटी सांडली, की त्याची किंमत शून्याच्याही खाली जाते, कारण आता ते उचलून न्यायला कुणाला तरी पैसे मोजावे लागतात. कागद तोच, त्यातले तंतूही तेच, फक्त शेजार बदलला.

पाण्याच्या बाटलीचं उदाहरण तर घरीच करून बघण्यासारखं आहे. बाटलीचा एक तुकडा कापा, झाकणाचा एक तुकडा कापा आणि दोन्ही बादलीत टाका. बोटाने दाबून त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे घालवा. बाटलीचा तुकडा तळ गाठतो आणि झाकणाचा वर तरंगत राहतो. बाटली पीईटीची, ती पाण्याहून जड. झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, ते पाण्याहून हलकं. पुनर्वापराच्या कारखान्यातही हीच युक्ती चालते, फक्त बादलीऐवजी मोठाले हौद असतात. खाली बसलेल्या चुऱ्याचा पुढे धागा होतो आणि त्या धाग्याचा शर्ट. पण पाण्याला सगळंच जमत नाही. पीव्हीसी नावाचं प्लास्टिकही पीईटीसारखंच तळाला जातं. दहा हजार तुकड्यांत त्याचा एखादा तुकडा राहून गेला, तरी वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि माल पिवळा पडतो. दुधात मिठाचा खडा म्हणतात तो हाच.

ॲल्युमिनियमचा हिशोब याहून थक्क करणारा आहे. हा धातू बॉक्साइट नावाच्या दगडात ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेला असतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही या दगडाच्या खाणी आहेत. धातू आणि ऑक्सिजनची ताटातूट करायची तर किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाते. एकदा सुटलेला धातू पुन्हा वितळवायला मात्र पहिल्या खर्चाच्या अवघी ५ टक्के ऊर्जा पुरते. शीतपेयाचा रिकामा डबा जेमतेम १५ ग्रॅमचा. तो कचरा डेपोत गाडला, तर १० वॅटचा एलईडी दिवा सुमारे २० तास जळेल एवढी वीज त्याच्याबरोबर गाडली जाते. भंगारवाल्याला हे गणित तोंडाने सांगता येणार नाही कदाचित, पण त्याच्या भावात ते चोख उतरलेलं असतं. ॲल्युमिनियमला तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव देतो तो उगाच नाही.

आता ओला कचरा. शंभर सदनिकांची एक सोसायटी धरू आणि घरामागे रोज अर्धा किलो साली, देठं, उरलंसुरलं. वर्षाला १८ टन झाले. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ७० टक्के तरी पाणीच असतं, म्हणजे साडेबारा हजार लिटरच्या आसपास. टँकर भरून वर उरेल एवढं हे पाणी डिझेल जाळून शहराबाहेर नेलं जातं. आणि उन्हाळ्यात त्याच सोसायटीच्या फाटकातून टँकर आत येत असतो, रोख पैसे मोजून! खत करण्यातला खरा फायदा या वाहतुकीत आहे. कचरा जागेवरच जिरवला की बरंचसं पाणी वाफ होऊन फुकट उडून जातं, आणि मागे उरतो मूळ वजनाचा जेमतेम पाव हिस्सा.

ही वाफ करायला शेगडी लागत नाही. ढीग पुरेसा मोठा असेल, त्यात वाळलेला पालापाचोळा मिसळलेला असेल आणि हवा खेळत असेल, तर आतले जिवाणू खाता खाता इतके तापतात की पारा ५५ ते ६५ अंशांवर जातो. हात घालवत नाही आत. या धगीत रोगजंतू मरतात, तणाचं बीही मरतं. हवा कोंडली की मात्र दुसरेच जिवाणू कामाला लागतात, ढीग घाण मारू लागतो आणि त्यातून मिथेन सुटतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना हा वास काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

खत विकून कुणी गब्बर होईल असं मात्र मला वाटत नाही. सरकारी अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी ३०० रुपयांच्या आत मिळते आणि तिच्यात ४६ टक्के नत्र असतं. घरच्या खतात ते एकदोन टक्के. त्या भावाशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. कंपोस्ट मातीला पाणी धरायला शिकवतं, ते युरियाला जमत नाही. पण बाजारात या गुणाला गिऱ्हाईक कमी. म्हणून न झालेल्या वाहतुकीचा फायदा कुणीतरी घरापर्यंत पोचवावा लागतो. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते ती याचसाठी.

सुक्या कचऱ्याचा हिशोब पुण्याने कष्टकऱ्यांकडून शिकला. १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका उकिरड्यावर काही घाण उपसत नाहीत, त्या शहराच्या तिजोरीत भर घालतात, हे तिने आकडे मांडून दाखवलं. त्यांनी वेचलेला प्रत्येक किलो महापालिकेच्या ट्रकमधून कमी होतो आणि त्याची मजुरी पालिकेला द्यावी लागत नाही. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा घेणारी ताई घरामागे महिन्याचं शुल्क घेते, आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल त्याचे पैसे तिचेच. म्हणून आमटीत भिजलेला पुठ्ठा तिच्या हाती देणं म्हणजे सरळसरळ तिच्या पगारातली कपात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने पूर्ण उडवला, तर तो चिमुकला तुकडा वेचायला कुणालाच परवडत नाही. तो तसाच लटकता ठेवला की पिशवीबरोबर त्याचंही वजन होतं.

तिच्या वर्गीकरणालाही हात टेकायला लावणारी एक वस्तू आहे, वेफर्सचं चकचकीत पाकीट. आत एक प्लास्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा अतितलम थर, बाहेर छपाईचं दुसरं प्लास्टिक. तिन्ही एकमेकांना असे चिकटवलेले की नखाने सुटत नाहीत, पाण्याने नाहीत आणि परवडेल अशा यंत्राने तर नाहीतच. वजन तर काही ग्रॅमच, एक किलो भरायला शेकडो पाकिटं वेचावी लागतात. इथे मिसळण्याचं काम आपल्या डब्यात झालेलं नाही, ते कारखान्यातच उरकलंय. त्यामुळे इथे घरच्या ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या काही करू शकत नाहीत. देशाच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी अशी वेष्टनं परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण जोवर त्या पाकिटाला किलोमागे भाव मिळत नाही, तोवर ताई ते बाजूलाच टाकणार.