नागिणीवरील गोळी आणि मूत्रपिंडें

नागिणीचा विळखा पुरा झाला कीं रोगी दगावतो, ही समजूत निराधार आहे. काळजी करावी ती निराळ्याच गोष्टीची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत असायक्लोव्हिर सुरू केल्यास अधिक गुण येतो. मात्र हें औषध मुख्यत्वेंकरून मूत्रावाटे शरीराबाहेर पडतें. मूत्रपिंडें दुबळीं असलीं, तर ८०० मिलिग्रॅम दिवसांतून पांच वेळां, हें नेहमींचें प्रमाणही रक्तांत सांचत जातें आणि वृद्ध मनुष्य असंबद्ध बोलूं लागतो. घरचे म्हणतात, वात झाला! म्हणून जुना मूत्रपिंडविकार, गर्भारपण, चालू औषधें हें सारें पहिल्या गोळीपूर्वींच डॉक्टरांस सांगावें. ठणक्यासाठीं परस्पर घेतलेल्या कित्येक वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडांसच जाचतात. शंका असल्यास रक्तांतील क्रिएटिनिन तपासून मात्रा ठरवितात. पाणी भरपूर प्यावें. हृदयविकारामुळें ज्यास तें मोजून प्यावयाचें असेल, त्यानें आधीं विचारून घ्यावें.