काट्यावरची शर्यत

कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षावाल्याला नुसतं ‘प्रीमियर’ म्हटलं तरी पुरतं. कॉलनीला, मैदानाला ते नाव चिकटलंय. ज्या कंपनीमुळे चिकटलं ती मात्र केव्हाच उठून गेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा जुना कारखाना कुर्ल्याला होता. डोंबिवलीच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर ‘३०९’ ही मोटार बनायची. युरोपात १९८५ साली आलेली आणि तिथल्या बाजारातून निवृत्त झालेली ही गाडी आपल्याकडे नवी म्हणून दाखल झाली, आणि १९९७ मध्ये प्यूजोने गाशा गुंडाळला.

मोटार शर्यतींवर लिहिताना प्रीमियर कशासाठी, असं कोणी म्हणेल. पण वजन म्हणजे काय हे समजून घ्यायला प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी नाही. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, वजन ९०० किलोच्या घरात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन ७९६ सीसीचं, ताकद जवळपास तेवढीच, आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच ताकदीला ओढायचं ओझं पाव टनाने कमी. सिग्नल सुटल्यावर पुढे कोण निघणार हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता.

गंमत अशी की फियाट, म्हणजे हीच पद्मिनी, हलकी केली तर पळते हे गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला जी मंडळी फियाट घेऊन शर्यतीला उतरायची, ती मागची सीट, बंपर, गालिचा असं जे निघेल ते काढून टाकत. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीपर्यंत मात्र ही अक्कल कधी पोचली नाही. स्पर्धाच नसेल तर कोण कशाला गाडी काट्यावर चढवतो?

प्रीमियरनंतर वर्षभराने, १९४५ मध्ये जन्मलेली दुसरी कंपनी म्हणजे महिंद्र. जीप, ट्रॅक्टर, बोलेरो. या कंपनीची सगळी पुण्याईच दणकटपणावर उभी. खेडोपाडी बोलेरोचं कौतुक होतं ते ती हलकी आहे म्हणून नव्हे. आणि तरीही जगातल्या अव्वल मोटार शर्यतींत मुंबईचं नाव टिकून राहिलंय ते याच कंपनीमुळे. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची जागतिक मालिका सुरू झाली, तेव्हाच्या दहा संस्थापक संघांपैकी महिंद्र रेसिंग हा एक, आणि त्यातला एकमेव भारतीय.

या संघाने मुळाक्षरं गिरवली ती मात्र दुचाकीवर. २०११ मध्ये महिंद्र जागतिक मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत लहान गटात उतरली. त्याच गटाचं पुढे मोटो-३ झालं. तिथे दुचाकी आणि स्वार मिळून किमान १५२ किलो भरले पाहिजेत असा नियम होता. स्वार अंगाने भरलेला असेल तर दुचाकीचं पोट कापायची वेळ यायची. २०१६ च्या जूनमध्ये असेनला फ्रान्सेस्को बान्याया नावाच्या इटालियन पोराने महिंद्रला पहिला विजय मिळवून दिला. हाच बान्याया पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपी या सर्वांत वरच्या गटाचा जगज्जेता झाला. त्याच २०१६ च्या ऑगस्टमध्ये ब्रनोला जॉन मॅकफी जिंकला. त्याची दुचाकीही महिंद्रचीच, पण टाकीवर नाव होतं प्यूजोचं, कारण आदल्या वर्षी महिंद्रने प्यूजोच्या दुचाकी कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला होता. डोंबिवलीतून हात हलवत परतलेल्या प्यूजोचं नाव मुंबईच्या कंपनीने विजयमंचावर नेलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आता चारचाकीकडे वळू. फॉर्म्युला वन असो की फॉर्म्युला ई, नियमपुस्तकात गाडीचं किमान वजन चालकासकट ठरवून दिलेलं असतं. मग सगळ्यांचं वजन सारखंच, फरक पडतो कुठे? खरी मेख इथेच आहे. गाडी नियमापेक्षा हलकी बनवता आली की उरलेली तूट भरून काढायला टंगस्टनचे जड ठोकळे घालता येतात, आणि ते कुठे घालायचे हे संघाच्या हातात राहतं. जमिनीलगत घातले की गुरुत्वमध्य खाली येतो, किंचित पुढे किंवा मागे सरकवले की टायरवरचा भार बदलतो. ज्याची गाडी मुळातच नियमाला टेकलेली किंवा वर गेलेली, त्याला ही मुभा नाही. आणि वर गेलेल्या वजनाची शिक्षा तर प्रत्येक फेरीत होते. फॉर्म्युला वनमध्ये ढोबळ हिशेब असा धरतात की दहा किलो जादा म्हणजे फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद. साठ फेऱ्यांच्या शर्यतीत ते अठरा सेकंद झाले. एवढ्या अंतरात चार-पाच गाड्या सहज बसतात.

किमान रेषेच्या खाली गेलात तरी सुटका नाही. जुलै २०२४ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे जॉर्ज रसेलने शर्यत जिंकली आणि काट्यावर हरली. मर्यादा ७९८ किलोची, त्याची गाडी भरली ७९६.५. दीड किलोपायी विजय गेला आणि पहिलं बक्षीस त्याच्याच संघातल्या लुइस हॅमिल्टनकडे आलं. पुढच्या वर्षी चीनमध्ये शार्ल लक्लेर आणि पियेर गॅस्ली हे दोघे एकेका किलोने कमी भरून बाद झाले. संघ इतक्या कडेला का चालतात, असा प्रश्न पडतो. पण कडेला न चालणारा मागे राहतो.

या गाड्या फुगत कशा गेल्या तेही बघण्यासारखं आहे. ग्रेटर नॉइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये पहिली भारतीय ग्रांप्री झाली तेव्हा किमान वजन ६४० किलो होतं. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनं आली, मोठी बॅटरी आली, आणि आकडा एका झटक्यात ६९१ झाला. मग डोक्यावरचं हेलो नावाचं संरक्षक कडं, मोठे टायर, भक्कम सांगाडा. २०२२ मध्ये ७९८, २०२५ मध्ये ८००. २०२६ च्या नियमांत आकडा खाली आणून ७६८ केलाय. २०२२ मध्ये नवे नियम आले तेव्हा बहुतेक संघांच्या गाड्या जड भरल्या, आणि मग मंडळींनी चक्क रंग खरवडायला घेतला. पुढच्या वर्षी मर्सिडीजची गाडी काळी दिसली, तीही याच कारणाने: कार्बन फायबर उघडं ठेवलं की रंगाचे ग्रॅम वाचतात. प्रायोजकाने रंगासाठी कोट्यवधी मोजायचे आणि संघाने तोच रंग तासून काढायचा, यात एक वेगळाच विनोद आहे.

सुधारणा आणि वजन यांचं नातं सासू-सुनेसारखं आहे, एकाच घरात राहायचं आणि रोज भांडायचं. वाऱ्याचा दाब वाढवणारा नवा पंख बसवला की त्याचे कंस, बोल्ट, आतली मजबुती असे सगळे ग्रॅम बरोबर येतात. म्हणून प्रत्येक नवीन भागाचा हिशेब दोनदा मांडावा लागतो: त्याने किती वेळ दिला आणि त्याच्या वजनाने किती खाल्ला. विल्यम्स संघाची २०२४ ची गाडी जड निघाली. संघप्रमुख जेम्स व्हॉल्स यांनी नंतर सांगितलं की त्यापायी फेरीला जवळपास अर्धा सेकंद जात होता. तो भार उतरवायचा तर जड भाग पुन्हा नव्याने बनवायचे. पण २०२१ पासून संघांच्या खर्चाला मर्यादा आहे, तेव्हा जुनं पातळ करण्यात गेलेला पैसा नवं शोधायला उरत नाही. जड गाडी आज मागे असते आणि उद्याही मागे राहते, ती अशी.

विजेच्या गाडीत हा सगळा तिढा एकाच डब्यात बंद आहे. तो डबा म्हणजे बॅटरी. पेट्रोलची गाडी शर्यत पुढे सरकेल तशी हलकी होते. २०२५ च्या फॉर्म्युला वनमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त ११० किलो इंधन असायचं आणि शेवटच्या फेऱ्यांत ते जवळजवळ संपायचं. बॅटरी भरलेली असो की रिकामी, वजन तेवढंच. पहिल्या पिढीच्या फॉर्म्युला ई गाडीची बॅटरी २८ युनिटांची. हो, महावितरणच्या बिलावर असतं तेच युनिट. तेवढ्यात शर्यत पुरी होत नसे, म्हणून चालक मध्यावर गाडीतून उडी मारून दुसऱ्या, भरलेल्या गाडीत बसायचे. २०१८ च्या अखेरीस दुसरी पिढी आली, ५४ युनिटांची बॅटरी घेऊन. गाड्यांची अदलाबदल थांबली, पण एकट्या बॅटरीचं वजन ३८५ किलो. चालकासकट गाडी ९००.

जरा आकडेमोड करू. ९०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरने चालली असेल तर तिच्यात सुमारे सव्वाअकरा लाख जूल ऊर्जा साठलेली असते. युनिटात सांगायचं तर ०.३१. वळण आलं की ब्रेक, म्हणजे ही ऊर्जा सोडायची. वळण संपलं की पुन्हा तेवढीच घालायची. शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत असं प्रत्येक फेरीला कितीतरी वेळा. मोटरच उलटी चालवून ब्रेक लावताना वीज परत मिळवतात, पण घातलेली सगळी परत येत नाही. दहा किलो जादा असले की हा तोटा दरवेळी नव्वदाव्या हिश्श्याने वाढतो. शेवटच्या फेरीत ज्याच्या बॅटरीत टक्काभर जास्त शिल्लक, तो ओव्हरटेक करतो.

तिसऱ्या पिढीच्या गाडीने, २०२३ मध्ये, वेगळी वाट धरली. बॅटरी लहान केली, ३८.५ युनिटांची, २८४ किलोची. गाडीचं वजन ८४० किलो जाहीर झालं. पुढच्या चाकांवरही वीज परत मिळवणारी मोटर बसवली आणि शर्यतीतली किमान ४० टक्के ऊर्जा ब्रेकमधूनच मिळेल असं सांगितलं गेलं. वजन वाचवायला मागचे नेहमीचे ब्रेकच काढून टाकले. नंतर सुरक्षेसाठी मागे आपत्कालीन ब्रेक बसवण्याची पाळी आली. काट्यावरून उतरवलेले किलो मागच्या दाराने परत आले.

महिंद्रच्या संघाची कसोटी याच पिढीत लागली. त्याआधी दिवस बरे होते. २०१७ च्या जूनमध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने पहिला विजय मिळवून दिला, त्या हंगामात संघ तिसरा आला. २०१९ मध्ये मराकेशला जेरोम दाम्ब्रोझियो, २०२१ मध्ये लंडनला अॅलेक्स लिन असे विजय येत राहिले. मग तिसरी पिढी. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या पहिल्याच शर्यतीत लुकास दि ग्रासी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला. फेब्रुवारीत मालिका हैदराबादला आली, हुसेनसागरच्या काठी. घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला तो जाँ-एरिक व्हेर्न, दुसऱ्या संघाचा. दोन आठवड्यांनी केपटाऊनला महिंद्रने दोन्ही गाड्या मागे घेतल्या. मागच्या सस्पेन्शनची खात्री वाटेना. शर्यत सोडायचा निर्णय लाजिरवाणा दिसतो, पण मला तो संघाचा त्या वर्षीचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. हंगामाअखेर संघ दहावा.

मग सुधारत का नाहीत? कारण सुधारायची परवानगीच नसते. फॉर्म्युला ई मध्ये सांगाडा, बॅटरी, टायर सगळ्यांना एकच. संघाच्या हातात मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन आणि सॉफ्टवेअर. त्यातलं लोखंड-तांब्याचं जे काही आहे ते एकदा मंजूर झालं की दोन हंगाम गोठतं. चूक केली तर ती दोन वर्षं पाठीवर घेऊन पळायची, सुटतं फक्त सॉफ्टवेअर. प्रीमियरवाल्यांनी आपलं डिझाइन आपणहून गोठवलं होतं. इथे नियम गोठवतो, आणि सगळ्यांचं सारख्याच मुदतीने सोडतो. ती मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. तोवर फ्रेडरिक बेर्त्रां संघप्रमुख झाले होते आणि इंग्लंडमधल्या बॅनबरीच्या कार्यशाळेत नव्या गाडीचं काम झालं होतं. निक डी व्रीस आणि एदोआर्दो मोर्तारा या जोडीने २०२४-२५ च्या हंगामात संघाला चौथ्या क्रमांकावर आणलं.

बॅनबरीतला संघ कितपत आपला, हा प्रश्न रास्त आहे. चालक परके, कार्यशाळा परकी, पैसा आणि नाव मुंबईचं. पण या हिशेबाची तालीम आपल्याकडेही चालते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयात किंवा कांजूरमार्गला उतरून पवईच्या आयआयटीत जाणारी मुलं असतात. सोमय्याचा ओरायन रेसिंग आणि आयआयटीचा रेसिंग संघ विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्या बनवतात. आपल्याकडची त्यांची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. या विद्यार्थी-स्पर्धांच्या नियमात किमान वजनच नाही, हवी तेवढी हलकी करा. फक्त ब्रेकचं पेडल २००० न्यूटनच्या दाबाला वाकता कामा नये, म्हणजे साधारण दोनशे किलोचं ओझं त्याने सोसलं पाहिजे. मग मुलं संगणकावर त्या पेडलला भोकं पाडत बसतात, दोन ग्रॅम इथून, तीन ग्रॅम तिथून. परीक्षक गाडीचं वजन विचारतात आणि लगेच पेडलवर बोट ठेवून विचारतात, हे भोक इथे का पाडलं, आणि पुढचं का सोडलं.