नसलेला नळ

घरोघरी नळ येण्याआधी इंग्लंडात हात-तोंड धुण्याची सोय झोपायच्या खोलीतच असे. एक लाकडी टेबल, म्हणजे वॉशस्टँड. त्यावर चिनी मातीचं तसराळं आणि पाण्याचा मोठा जग. सधन घरांत नोकरमंडळी सकाळी गरम पाणी वर आणून ठेवत.

यातली खरी हुशारी वरच्या संगमरवरी फरशीत आहे. लाकूड पाणी शोषून आडवं फुगतं, वाळताना आकसतं. रोजच्या या ओढाताणीत फळी वाकते, सांधे सुटतात. गुळगुळीत संगमरवरात पाणी फारसं मुरत नाही.

वास्तुरचनाकार विल्यम बर्जेस यांनी १८६०च्या दशकात ग्रीक पुराणकथेतल्या नार्सिससच्या चित्रांनी सजवलेला वॉशस्टँड घडवून घेतला. पुढे कवी जॉन बेट्जमन यांनी तो कादंबरीकार एव्हलिन वॉ यांना भेट दिला. त्याचा एक नळ हरवलाय, अशी वॉ यांची ठाम समजूत. प्रत्यक्षात तो कधी नव्हताच! हा भास औषधाचा होता: वॉ झोपेसाठी ब्रोमाइड घेत. शरीरातलं ब्रोमाइड निम्म्यावर यायलाच सुमारे १२ दिवस लागतात, त्यामुळे ते साचत जातं आणि भास होऊ लागतात. या भासांवर त्यांनी १९५७ साली कादंबरीच लिहिली. तो वॉशस्टँड आता बेडफर्डच्या हिगिन्स संग्रहालयात आहे.