लाल रेघेतलं सोनं

मैत्रिणींनो, दिवस राहिलेत का हे सांगणाऱ्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते! आमच्या आजऱ्यात आशाताई देतात त्या ‘निश्चय’ पट्टीकडे पाहून कुणाला खरं वाटेल?

सोन्याचे हे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. प्रकाश पडला की त्यांतले इलेक्ट्रॉन झोपाळ्यासारखे एका लयीत झुलतात, हिरवा प्रकाश गिळतात. म्हणून पिवळं सोनं लाल दिसतं. कण गोल न ठेवता लांबट केला तर लय बदलते, रंगही! लघवीत एचसीजी हे संप्रेरक असलं की कण दुसऱ्या रेघेवर अडकतात. पहिली रेघ फक्त पट्टी चांगली असल्याची खूण.

पाळी चुकल्याचं कोडं सासूबाईंच्या आधी आपल्यालाच उलगडतं, मला याचंच मोल सोन्याहून जास्त वाटतं. पाकिटावरच्या वेळेतच बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती आलीच समजा, आणि दवाखान्यात जा.